बँक लुटणारी जोडी नाशिकची असेल तर

बँक लुटायला निघालेले आणि एकमेकांशी अजिबात न पटणारे दोघं-तिघं, असे कॉमेडी पिक्चर मला मनापासून आवडतात, टीव्हीवर लागला की हातातलं काम सोडून बघतो. पण आपल्याकडे असे पिक्चर बनवताना एक गोष्ट कायम बाहेर राहते, ती म्हणजे बँकेतला पैसा नक्की कोणाचा असतो. आणि हा फक्त पिक्चरवाल्यांचा प्रश्न नाहीये, आपण सगळेच बँक आणि चोरी याबद्दल जसा विचार करतो त्याचा आहे. निदान नाशिककरांनी तरी यावर बोललं पाहिजे कारण नोटा छापणारं शहर आपलं आहे आणि ठेवी अडकलेला जिल्हाही आपलाच आहे.

२००१ चा 'बँडिट्स' घ्या. ब्रूस विलिस तापट, बिली बॉब थॉर्नटनला सतत वाटतं आपल्याला काहीतरी आजार झालाय, आणि हे दोघं आदल्या रात्री मॅनेजरच्या घरी मुक्काम ठोकतात, सकाळी त्याच्यासोबतच बँकेत जातात आणि कॅश घेऊन पसार होतात. आयडिया भन्नाट आहे. आपल्या बँकेत मात्र ती अशीच्या अशी चालणार नाही, कारण इथे स्ट्राँगरूमच्या चाव्या दोघांच्या ताब्यात असतात, एक मॅनेजरकडे आणि एक हेड कॅशियरकडे, दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. म्हणजे मॅनेजर इंदिरानगरला आणि कॅशियर ओझरला राहत असेल तर दरोडेखोरांना एका रात्रीत दोन घरी मुक्काम करावा लागणार, आणि त्यात कॅशियरच्या घरी पाहुणे आलेले असले तर अजूनच पंचाईत. आपली बँक रोज कशी चालते एवढं नीट बघितलं तरी नवीन कॉमेडी हाताला लागते, बाहेरून उसनी आणायची गरज नाही.

पण आपण उसनीच आणतो. २००२ च्या 'आँखें' मध्ये अमिताभचा माजी मॅनेजर तीन आंधळ्या माणसांना ट्रेनिंग देऊन बँक लुटायला लावतो, कल्पना एका गुजराती नाटकातून आलेली आणि खरंच वेगळी होती. २०१७ च्या 'बँक चोर' मध्ये तर रितेश देशमुखचा चंपक चिपळूणकर हा आपला मराठी माणूस, त्याचे दोन साथीदार दिल्लीकडचे, आणि बराचसा विनोद मुंबई विरुद्ध दिल्ली या भांडणावर. हसलो मी, खोटं कशाला बोलू. पण बँकेत अडकलेले बाकीचे लोक आठवून बघा, कोणी घाबरणारा, कोणी बडबड्या, कोणी फोनवाला, सगळे विनोदापुरते. त्यातला एकसुद्धा माणूस आपली एफडी मोडायला आलाय, मुलीच्या फीचा डीडी काढायला आलाय, असं डोक्यात राहत नाही. चोर एकमेकांपेक्षा वेगळे कशाने, तर बोलीने नाहीतर स्वभावाने. पैशाच्या बाबतीत मात्र सगळे सारखेच, सगळ्यांना पाहिजे.

आता हा बँक लुटणारा हिरो आला कुठून ते बघितलं पाहिजे. अमेरिकेत १९३० ते १९३३ या काळात सुमारे ९,००० बँका बुडाल्या, ठेवीदारांचे पैसे गेले, वरून शेतकऱ्यांच्या जमिनी बँकांनी जप्त केल्या. अशा वेळी जॉन डिलिंजर या दरोडेखोरासारखा माणूस बँकेत घुसून पैसे काढून नेतो हे वाचून लोकांना बरं वाटलं असेल तर त्यात नवल नाही. डिलिंजर जुलै १९३४ मध्ये शिकागोत गोळीबारात मेला आणि त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून तिकडे ठेव विमा सुरू झाला होता, सुरुवातीला २,५०० डॉलरपर्यंत. म्हणजे एकीकडे बँकेबद्दल राग आणि दुसरीकडे सामान्य माणसाचे पैसे सरकारने सुरक्षित केलेले, या दोन्हींवर तो विनोद उभा आहे. म्हणून तिकडच्या पिक्चरमध्ये दरोडेखोर रांगेतल्या लोकांना बिनधास्त सांगू शकतो की घाबरू नका, तुमचे पैसे कुठे जात नाहीत, आम्ही फक्त बँकेचे न्यायला आलोय.

आपला इतिहास असा नाहीये. आपल्याकडे लोकांचा राग होता सावकारावर. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले, तिथून ते लोण नगर जिल्ह्यात गेलं, आणि त्यांनी सगळ्यात जास्त काय शोधून शोधून जाळलं तर कर्जखतं. कागद. पुढे १९०४ ला सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला, सोसायट्या आल्या, जिल्हा बँका आल्या, नागरी बँका आल्या, १९ जुलै १९६९ ला १४ मोठ्या बँका सरकारी झाल्या. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीसाठी बँक ही सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून काढलेली गोष्ट होती. सोसायटीचा सेक्रेटरी ओळखीचा, चेअरमन गावातला, शेअर्सची पावती घरातल्या ट्रंकेत. अशा बँकेत बंदूक घेऊन घुसणारा माणूस गावाला हिरो वाटेल का, मला तरी नाही वाटत.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं की अरे पण बँक लुटली तर ग्राहकाचं नुकसान होतंच कुठे, कॅशचा विमा असतो. कॅशपुरतं हे खरं आहे. तिजोरीतली कॅश चोरीला गेली तर तो बँकेचा तोटा, तुमच्या पासबुकातला आकडा तेवढाच राहतो. पण बँकेत फक्त कॅश असते का? लॉकर असतात. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे बँकेच्या हलगर्जीमुळे आग, चोरी, दरोडा असं काही झालं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वर्षाच्या भाड्याच्या १०० पट इतकीच. २,००० रुपये भाडं असेल तर २ लाख. आजच्या सोन्याच्या भावात २ लाखांत काय येतं ते सराफ बाजारात जाऊन विचारा.

आणि तारणाचं सोनं असतं. हे जरा सविस्तर सांगतो कारण पिक्चरमध्ये ते नुसतं पिवळं चकचकीत काहीतरी म्हणून दिसतं. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षवाल्याला लगेच पैसे लागतात, औषधं, फवारणी, मजुरी, आणि माल हातात यायला चार महिने असतात, तेव्हा घरातलं सोनं बँकेत नाहीतर फायनान्स कंपनीत जातं. बँकेचा सोनार दागिना कसोटीवर घासतो, काट्यावर ठेवतो, पोतीतल्या काळ्या मण्यांचं वजन वेगळं काढतो, दोरा वजा, लाख वजा, मग निव्वळ वजन लिहितो. ते सगळं एका पाकिटात जातं, पाकिटावर नंबर, नाव, सह्या, सील. ज्या बाईची ती पोत असते ती काउंटरच्या अलीकडून हे सगळं बघत उभी असते, आणि गळ्यात तोवर काळ्या मण्यांची साधी सर आलेली असते. माल चांगला गेला तर मार्च-एप्रिलमध्ये पाकीट सुटतं. व्यापारी पैसे न देता पळाला, आणि हे आपल्या जिल्ह्यात दरवर्षी कुठे ना कुठे होतं, तर नाही सुटत. आता अशी पाकिटं पोत्यात भरून पळणारे दोन विनोदी चोर तुम्ही मला दाखवणार असाल तर मी हसेन, पण त्यातलं एक पाकीट फोडून आतली पोत एकदा तरी दाखवा, पाकिटावरचं नाव त्या दोघांपैकी एकाला तरी वाचू द्या.

नाशिकमध्ये तर हे बोलायलाच पाहिजे. १४ जून २०१९ ला उंटवाडीत एका सोनेतारण कंपनीच्या ऑफिसात दिवसाढवळ्या सशस्त्र टोळी घुसली, अलार्म वाजवणाऱ्या तरुण कर्मचाऱ्याला गोळ्या घालून मारलं. भर वस्तीत, मॉलच्या जवळ. तो भाग रोजच्या जाण्यायेण्यातला असल्यामुळे खूप दिवस गावात तोच विषय होता. पिक्चरमध्ये अलार्मचं बटण म्हणजे टेन्शन वाढवायची वस्तू असते, काउंटरखाली हात जातो, कॅमेरा हाताजवळ येतो, आणि कोणीतरी वेड्यासारखं काहीतरी करून तो प्रसंग हसण्यावारी नेतो. ज्या शहरात त्या बटणासाठी माणूस गेलाय तिथे बसून लिहिणाऱ्या लेखकाला हा सीन सहज लिहिता येऊ नये असं माझं म्हणणं आहे. लिहू नये असं नाही, सहज लिहू नये.

माझी मावशी एका नागरी सहकारी बँकेत कॅशियर होती. काचेमागे बसून दिवसभर नोटा, स्पंजवर बोट, चेकच्या मागे पेनाने लिहिलेला नोटांचा हिशेब, आणि संध्याकाळी कॅश टॅली. शॉर्ट आली तर पदरचे भरायचे, हे तिच्या नोकरीत तिने केलंय, महिनाअखेरीला केलंय. हे असले पिक्चर तिलाही आवडतात पण ती एकदा म्हणाली, "हे पळून गेल्यावर त्या कॅशियरचं काय झालं ते सांगतच नाहीत रे, तिची चौकशी लागली असेल ना." मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. कारण खरंच चौकशी लागते. चावी तुझ्याकडे होती, गेट उघडं का होतं, अलार्म का नाही दाबला. ज्याने दाबला त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

काही लोक म्हणतात असले पिक्चर बंद करा, पोरं बिघडतात, चोऱ्या शिकतात. हे मला पटत नाही. पिक्चर बघून कोणी बँक लुटायला जात नाही, आणि गेला तर पहिल्याच चौकातल्या सीसीटीव्हीत सापडेल नाहीतर नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकेल. माझी तक्रार वेगळी आहे. हे पिक्चर बघून बघून आपल्या डोक्यात चोर म्हणजे मुखवटा आणि पिस्तूल असं पक्कं बसलंय आणि त्यामुळे बिनापिस्तुलाचा चोर समोर खुर्चीवर बसलेला असला तरी आपल्याला दिसत नाही. तेलगीला काय लागलं होतं? नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमधून भंगारात निघालेली मशिन मिळवली आणि देशभर बनावट स्टॅम्पपेपर विकले. पीएमसी म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत कोणी मुखवटा घातला होता? सप्टेंबर २०१९ मध्ये एका सकाळी लाखो ठेवीदारांना कळलं की आपल्याच खात्यातून आता फक्त १,००० रुपये काढता येतील, कारण बँकेने एकाच बिल्डर ग्रुपला वारेमाप कर्ज देऊन ते लपवलं होतं. एवढी कॅश कुठल्या दरोडेखोराला पाठीवर उचलता आली असती?

ठेव विमा आपल्याकडेही आहे, १९६२ पासून, तेव्हा १,५०० रुपये होता, ४ फेब्रुवारी २०२० पासून मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख झाला. पण तो मिळतो बँक बंद पडली किंवा रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले तर. बँक चालू आहे, शटर वर आहे, फक्त काउंटरवर सांगतात की आज कॅश नाही, पुढच्या आठवड्यात या, तर त्यासाठी कुठला विमा नाही. पतसंस्थेतल्या ठेवींना तर हा विमा लागूच नाही, आणि अजूनही कितीतरी लोकांना हे माहीत नसतं, एक टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून रिटायरमेंटची रक्कम तिथे ठेवतात. रोज टपरीवर येऊन पिग्मीचे पैसे नेणारा एजंट ओळखीचा असतो, त्याच्यावर विश्वास असतो, आणि तो बिचाराही बऱ्याचदा स्वतःचे पैसे तिथेच ठेवून बसलेला असतो.

बाहेरची गोष्ट आपली करून घेणं काय असतं हे आपल्याच जिल्ह्याने दाखवून दिलंय. मालेगावच्या लोकांनी आपल्या पिक्चरसाठी सुपरमॅन घेतला, यंत्रमागावर काम करणाऱ्या सडपातळ माणसाला तो ड्रेस घातला आणि त्याला लढायला लावलं कोणाशी तर गावात तंबाखू आणि घाण पसरवणाऱ्याशी. पैसे नव्हते, साधनं नव्हती, पण आपल्या गावाचा व्हिलन कोण हे त्यांना बरोबर माहीत होतं. आपल्या बँक लुटीच्या पिक्चरांकडे पैसे असतात, मोठे स्टार असतात, व्हिलन मात्र नसतो, किंवा तो कोणीतरी हवेतला मंत्री असतो.

आणि कॉमेडी तर इथे पडलेली आहे. २०२१ मध्ये नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून ५ लाखांच्या नोटा गहाळ झाल्याची तक्रार पोलिसांत गेली, एवढा बंदोबस्त असलेली जागा, सगळ्या देशात बातमी, आणि तपासात निघालं काय तर चोरी झालीच नव्हती, बंडलं चुकून पंच होऊन नष्ट झाली होती आणि कारवाईच्या भीतीने कोणी तोंड उघडलं नाही. साध्या माणसाची नोकरी जाण्याची भीती एवढी मोठी असते की ती देशपातळीवरचा दरोडा तयार करते. मला यातला विनोद फार आवडतो कारण त्यात कोणाला खाली पाडलेलं नाही, ती भीती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे.

म्हणून आता मला कसा पिक्चर बघायचाय ते सांगतो.

आपल्या जिल्हा बँकेचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये. नोटाबंदीत १४ नोव्हेंबर २०१६ ला रिझर्व्ह बँकेने जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायची बंदी केली, त्यानंतर आपल्याकडे कॅशची बोंब सुरू झाली, शिक्षकांचे पगार अडकले, ठेवी अडकल्या, प्रशासक आले. आणि दुसऱ्या बाजूला थकबाकीदार शेतकऱ्यांच्या जमिनींच्या जप्तीच्या, लिलावाच्या नोटिसा निघाल्या, त्याविरुद्ध आंदोलनं झाली. म्हणजे एकाच बँकेच्या दारात दोन प्रकारचे लोक उभे, एक म्हणतात आमचे पैसे द्या, दुसरे म्हणतात आमची जमीन घेऊ नका. दोघं खरे आहेत. आणि दोघांचं एकमेकांशी जमूच शकत नाही, कारण कर्जदाराकडून वसूल झाल्याशिवाय ठेवीदाराला मिळणार नाही.

ही माझी जोडी. निफाडकडचा एक द्राक्षवाला, व्यापाऱ्याने बुडवलेला, कर्ज थकलेलं, नोटीस घरी आलेली. आणि सिडकोतल्या एक रिटायर शिक्षिका, सगळा फंड ठेवीत, आणि ठेव अडकलेली. बँक कुठलीही काल्पनिक घ्या. दोघं बँकेच्या पायरीवर भेटतात, आधी भांडतात, ती त्याला बोलते की तुम्ही कर्जं बुडवता म्हणून आमच्यावर ही वेळ आली, तो म्हणतो मॅडम तुमच्या व्याजासाठी माझं वावर विकायला काढलंय. त्याची बोली वेगळी, तिची शुद्ध, तो तंबाखू मळणार, ती हात धुऊन घे म्हणणार, हे सगळं येऊ द्या, हसू येईलच. पण भांडण खरं आहे म्हणून हसू येईल. आणि शेवटी दोघं मिळून ठरवतात की रात्री शाखेत शिरायचं. तिला कॅश पाहिजे, त्याला त्याची कर्जाची फाइल पाहिजे, जाळायला, सुप्याच्या शेतकऱ्यांसारखी.

तिजोरी उघडते आणि आत काही नसतं, फार तर चिल्लर आणि दहाच्या नोटांची दोन-चार पाकिटं. अडचणीतल्या बँकेच्या शाखेत रात्री कॅश असणार तरी किती? फायलींचं कपाट मात्र भरलेलं. त्याला त्याची फाइल सापडते, तो काडी ओढतो, आणि बाई त्याचा हात धरते, कारण तिच्या लक्षात आलंय की ही फाइल जळली तर तिच्या ठेवीतलाही तेवढा हिस्सा जळणार आहे. बँकेत पैसा म्हणून जे काही उरलंय ते या कागदांतच आहे. हा सीन ज्याला लिहिता येईल त्याने तो घाई न करता लिहावा, दोघांनाही पूर्ण बोलू द्यावं, कोणालाच व्हिलन करू नये. तो म्हणेल तुमच्याकडे पेन्शन तरी आहे. ती म्हणेल नवऱ्याचं ऑपरेशन थांबलंय. काडी विझते, तो दुसरी ओढतो.

आणि मग काडीच्या उजेडात शेजारची फाइल दिसते. जाड नाव, मोठी रक्कम, आणि आत कागद जेमतेम चार. त्याच्या दोन लाखांसाठी सातबारा, आठ-अ, दोन जामीनदार, सगळ्यांचे फोटो, आणि इथे कोटीच्या कर्जाला तारणाचा पत्ता नाही, मंजुरीवर संचालक मंडळाची सही आहे आणि कर्जदार त्यातल्याच एकाचा भाचा आहे. बाई शिक्षिका आहेत, त्यांना कागद वाचता येतो. त्या खाली बसून पहिल्यापासून वाचायला लागतात आणि हा त्यांना मोबाइलचा टॉर्च धरतो.

मला प्रोड्यूसर लोक सांगतील की हे जड आहे, फायली कोण बघणार, लोकांना पाठलाग पाहिजे, गाडी उडाली पाहिजे. माझं म्हणणं आहे की या जिल्ह्यात हे समजावून सांगावं लागणार नाही. नोटीस आलेला किंवा ठेव अडकलेला माणूस आपल्याकडे बहुतेक प्रत्येकाच्या नात्यात आहे, डीडीआर म्हणजे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाचं ऑफिस, सहकार कायद्यातली ८३ ची चौकशी, ८८ ची चौकशी हे शब्द चहाच्या टपरीवर बोलले जातात. पाठलाग पण आहेच की. ती फाइल घेऊन दोघं बाहेर पडतात आणि सकाळपासून ती कोणाला तरी द्यायला फिरतात. चौकीत सांगतात हे आर्थिक गुन्हे शाखेत न्या, तिथे सांगतात आधी सहकार खात्याचा अहवाल आणा, सहकार खात्यात साहेब मीटिंगला गेलेत, आणि एव्हाना बँकेत दरोडा पडल्याची बातमी सगळ्यांच्या मोबाइलवर आलेली, दोघांचे सीसीटीव्हीतले अंधुक फोटो फिरतायत, आणि चोरीचा माल हातात घेऊन हे दोघं सरकारी ऑफिसच्या रांगेत उभे, कोणीतरी आवक नंबर टाकून घ्या म्हणून विनंती करतायत आणि कोणी घेत नाहीये. हा झाला सेकंड हाफ. त्याचे डायलॉग ज्याला हवेत त्याने नाशिकच्या सीबीएस बसस्टँडच्या आसपासच्या कुठल्याही सरकारी ऑफिसच्या जिन्यात सकाळी अकराला जाऊन बसावं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक आणि अर्जांच्या झेरॉक्स घेतलेली माणसं तिथे असतात आणि विचारलं तर ती सगळं पहिल्यापासून सांगतात.